वेशीतला भगवा रीतसर उभा करताना

वळवाच्या वादळात वेशीतला भगव्याचा जुना बांबू मोडला. पंच मंडळींनी ठरवलं की या वेळी लोखंडी खांब बसवायचा आणि सगळे कागद हातात घेऊनच बसवायचा. काम माझ्याकडं आलं. मी उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं काम करतो, त्यामुळं खांबाचं मला कळतं. शाळेत कन्नड शिकलोय, त्यामुळं कार्यालयातला कागदही वाचता येतो. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, राजहंसगड दिसेल इतक्या अंतरावर आमचं गाव आहे. घरोघरी मराठी, पण उतारा, घरपट्टी, नोटीस सगळं कन्नडात. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, आणि २००४ पासून या भागावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे.

महाराष्ट्रात भगवा कुठंही दिसतो, त्यामुळं तिकडच्या पाहुण्यांना वाटतं की एका झेंड्यासाठी एवढा खटाटोप कशाला. आमच्याकडं तो वर्षभर माणसांबरोबर चालतो. वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीला चित्ररथापुढं असतो, नवरात्रात पहाटेच्या दुर्गामाता दौडीत सगळ्यांच्या पुढं असतो, आषाढीला दिंडीत खांद्यावर असतो. १७ जानेवारीला १९५६ च्या सीमा आंदोलनातल्या हुतात्म्यांना आणि १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला जातो तेव्हाही तोच हातात असतो. वेशीतला भगवा बघून परगावचा माणूस "गाव मराठी दिसतंय" म्हणतो. आम्ही इथं आहोत हे सांगायला आमच्याकडं दुसरी पाटी नाही.

पहिल्याच बैठकीत वयस्कर मंडळी बिथरली. "आमच्या बापजाद्यांनी कुणाची परवानगी काढलेली रे बा?" असा एकाचा सवाल. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटत होतं. पण बांबूचे दिवस वेगळे होते. आता एखादा खांब उभा राहिला की त्याचा फोटो संध्याकाळच्या आत कुठल्या कुठं पोचतो, त्यावर कुणीतरी तक्रार देतो, आणि मग जेसीबी आणि पोलीस गाडी एकदमच येतात. बेळगावजवळच्या येळ्ळूरला जुलै २०१४ मध्ये 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक काढताना काय झालं, लोकांना घरात घुसून कशी मारहाण झाली, हे आमच्या भागात सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यानंतर ज्यांच्या पोरांवर केसेस पडल्या त्यांचे कोर्टाचे हेलपाटे आम्ही बघितलेत. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद पाहिजे, एवढंच मी म्हणालो. शेवटी महिला मंडळातल्या बायकांनी माझी बाजू घेतली, आणि पोरांवर केस होणार नाही अशाच पद्धतीनं झेंडा उभा करा, असं बजावलं.

जुना बांबू चौकात रस्त्याच्या कडेला होता. तीच जागा सगळ्यांना हवी होती. पण ओळखीच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत तो विचार सोडायला लावला. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना आदेश दिलाय की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला परवानगी द्यायची नाही. तिथं कुठल्याही ग्रामपंचायतीनं ठराव दिला तरी तो टिकणार नाही. म्हणून चौकापासून थोडं आत, देवळाच्या पटांगणात खांब बसवायचं ठरलं. चौकातून तो स्पष्ट दिसतो आणि जागा पंच कमिटीच्या ताब्यातली आहे.

ताब्यातली असणं आणि कागदावर असणं यात मात्र फरक असतो. आमचं देऊळ मुजराई खात्याकडं, म्हणजे देवळांचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याकडं नाही, हे आधी खात्री करून घेतलं, कारण तसं असतं तर सरकारची वेगळी परवानगी लागली असती. मग पंचायतीतून ई-स्वत्तूचा, म्हणजे गावातल्या मालमत्तेच्या संगणकीय नोंदीचा फॉर्म ९ आणि फॉर्म ११ काढले. जुन्या नोंदीत पटांगणाची लांबी-रुंदी प्रत्यक्षापेक्षा कमी होती, ती मोजणी करून दुरुस्त करून घ्यावी लागली. या एका गोष्टीत जेवढा वेळ गेला तेवढा बाकी सगळ्या कामात मिळून गेला नसेल. शेजारच्या घरवाल्याला वाटलं आम्ही त्याच्या परसात घुसतोय. त्याला मोजणीला उभं केलं, त्याच्यासमोर खुणा रोवल्या, आणि त्याची सही पंचनाम्यावर घेतली. आज त्याच्या अंगणातूनच झेंड्याच्या दिव्याची वायर गेलीय.

अर्ज मी मराठीत लिहिला होता. एका कार्यालयात तो हातात घेऊन तसाच परत दिला. "कन्नडात आणा." वाद घालायला गेलो असतो तर तो दिवस वाया गेला असता, आणि पुढचेही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं कुठल्याही नागरिकाला आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, हे मला ठाऊक होतं आणि ते मी त्यांना शांतपणे सांगितलंही. पण काम व्हायचं होतं. म्हणून दोन्ही भाषांत अर्ज केला. डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, दोन्हींवर सगळ्या पंचांच्या सह्या. आपली भाषा कागदावर राहिली आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा राहिली नाही. पोच घेतल्याशिवाय तिथून हललो नाही. ज्याला हे काम करायचंय त्यानं तोंडी आश्वासनावर कधीच घरी परतू नये. शिक्का, तारीख आणि सही असलेली पोच हीच खरी पावती.

कन्नड मजकूर मला बेताचाच जमतो. तो लिहून दिला माझ्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदारानं. तो सौंदत्तीकडचा, घरात कन्नड. आम्ही दोघं गेली कित्येक वर्षं एकाच वेल्डिंग मशिनवर आहोत. अर्जात "मराठा ध्वज" असं लिहू नको, "गावाचा पारंपरिक भगवा ध्वज, कोणत्याही पक्षाचा नव्हे" असं लिही, म्हणजे कुणाला त्यातून दुसरा अर्थ काढता येणार नाही, हे त्यानंच सुचवलं. ते वाक्य पुढं ग्रामपंचायतीच्या ठरावात जसंच्या तसं उतरलं, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आचारसंहितेचं पथक झेंडे उतरवत फिरत होतं तेव्हा त्याच वाक्यानं आमचा झेंडा वाचवला. अधिकाऱ्यांनी ठराव वाचला, खांबाचा फोटो काढला आणि निघून गेले.

पोलिसांचं ना-हरकत पत्र हा अवघड टप्पा होता. तिथल्या अधिकाऱ्यांचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा: उद्या कन्नडिगांचा लाल-पिवळा झेंडा लावायचा म्हणून दुसरे आले तर? प्रश्न अवाजवी नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये बेळगाव महापालिकेसमोर लाल-पिवळा ध्वज उभारला गेला, त्यानंतर शहरात किती तणाव झाला हे त्यांनी बघितलेलं. वर्षभरानं, डिसेंबर २०२१ मध्ये तर आग या शहरातून त्या शहरात पसरली. कोल्हापुरात लाल-पिवळा जाळला, बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्यावर काळं टाकलं, आणि बेळगावातल्या अनगोळात इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. झेंडा जळला कोल्हापुरात. जमावबंदी लागली ती बेळगावात, आणि गुन्हे दाखल झाले ते इथल्या पोरांवर. तेव्हापासून मी आमच्या मंडळात एक गोष्ट कडकपणे मांडत आलोय. दुसऱ्याच्या झेंड्याला हात लावायचा नाही. जो हात लावतो त्यानं आपल्या भगव्याला धोक्यात घातलं असं आम्ही समजतो.

हे नुसतं बोलून भागणार नव्हतं. आमच्या गावाच्या खालच्या गल्लीत कन्नड बोलणारी घरं आहेत, काही पिढ्यांपासूनची. त्यांच्यातल्या जाणत्यांना आम्ही देवळात बोलावलं. चहा झाला, थोडी कुरबुर झाली. त्यांच्यातल्या एका तरुणाला वाटत होतं की आमचा खांब उंच म्हणजे त्यांचा झेंडा खाली. मी त्याला कायदा काय आहे तो सांगितला. आमच्या भगव्याला किंवा त्यांच्या लाल-पिवळ्याला राष्ट्रध्वजासारखं कायद्यानं ठरलेलं स्थान नाही. साठच्या दशकात कन्नड चळवळीतल्या मा. राममूर्तींनी पुढं आणलेला लाल-पिवळा लोकांनी आपला मानला म्हणून तो कर्नाटकभर दिसतो. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारनं गंडभेरुंडाचं, म्हणजे दोन तोंडांच्या पक्ष्याचं चिन्ह असलेला पिवळा-पांढरा-लाल ध्वज मंजूर करून केंद्राकडं पाठवला, तरी लोकांच्या हातात जुनाच राहिला. १९९४ च्या एस. आर. बोम्मई खटल्यात राज्याला स्वतःचा ध्वज असायला घटनेत मनाई नाही असा उल्लेख आहे, हे आम्हाला वकिलांनी सांगितलं होतं. बोम्मई कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री, हुबळीचेच, त्यामुळं हा दाखला दोन्ही बाजूंना परका वाटला नाही. शेवटी लेखी ठरलं की चौक मोकळा राहील, कुणीही आपला झेंडा आपल्या जागेत लावेल, आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला शाळेसमोरच्या तिरंग्यापेक्षा उंच काहीही राहणार नाही. ध्वजसंहितेनुसार तिरंग्याच्या वर किंवा शेजारी बरोबरीनं दुसरा ध्वज लावता येत नाही, म्हणून त्या दोन दिवशी आम्ही भगवा सकाळी खाली घेतो आणि शाळेतला तिरंगा उतरल्यावर पुन्हा चढवतो. दोन्ही गल्ल्यांच्या सह्यांचं ते पत्र पोलिसांना दिल्यावर ना-हरकत मिळाली.

खांबाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक गावं इथंच फसतात. हौसेनं उंच खांब घेतात आणि पाया करतात अगदी उथळ. आमच्याकडची जमीन भातशेतीची, काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या काळ्या मातीत पाया घातला तर दोन पावसाळ्यांत खांब कलतो. मुरूम लागेपर्यंत खोदलं, मग सळीची जाळी आणि काँक्रीट. त्यात चार बोल्ट उलटे गाडले आणि वर जाड बेस प्लेट आवळली, म्हणजे उद्या खांब दुरुस्तीला उतरवायचा झाला तर फोडाफोड नको. पाइप गॅल्व्हनाइज्ड, खाली जाड आणि वर टप्प्याटप्प्यानं बारीक. उंची पस्तीस फूट. काहींना पन्नास हवी होती. कोटे तलावाजवळचा ११० मीटरचा तिरंगा बघून आल्यापासून सगळ्यांच्या डोक्यात उंची बसली होती. पण जितका खांब उंच आणि कापड मोठं, तितका वारा ओढतो, आणि कापड बदलायला क्रेन लागते. झेंडा गावातल्या पोरानं दोरी ओढून उतरवता आला पाहिजे. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनमनला बोलावून तारांपासूनचं अंतर मोजून घेतलं, खांब पडलाच तरी तारेवर पडणार नाही एवढं. वर वीजरोधक बसवला, त्याची पट्टी जमिनीत खोल नेली.

कापडावर माझं सगळ्यात जास्त मन होतं. बाजारात मिळणारा झेंडा बहुधा नारिंगी असतो, साटीनचा, एकेरी शिलाईचा. उन्हात पंधरवड्यात त्याचा रंग उडतो आणि शेपटीचे धागे सुटून वाऱ्यावर लोंबायला लागतात. तसला फाटका भगवा खांबावर राहणं मला झेंडा नसण्यापेक्षा वाईट वाटतं. राष्ट्रध्वज कसा शिवतात ते बघावं म्हणून मी हुबळीजवळच्या बेंगेरीला गेलो. मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राचा राष्ट्रध्वज खादीत तयार करणारं हे केंद्र आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे आणि आपल्यातल्या किती जणांना ते माहीतच नाही. कापड बागलकोटकडच्या तुळसीगेरीहून येतं. नऊ ठरलेल्या मापांत ध्वज होतात, सर्वांत मोठा २१ फूट बाय १४ फूट. काम बहुतेक बायकाच करतात. एका बाईनं रंगात, धाग्यात, टाक्यात थोडा फरक पडला तरी अख्खा ध्वज कसा बाजूला टाकतात ते दाखवलं. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून मशीनवरच्या पॉलिएस्टरला मुभा दिल्यापासून त्यांची मागणी कशी घसरली, हेही तिनं सांगितलं. ते ऐकून वाईट वाटलं. एवढ्या काळजीनं काम करणाऱ्या हातांना काम मिळायलाच हवं.

तिथून आल्यावर गल्लीतल्या शिंप्याजवळ बसलो. त्यांनी सुती कापडाला लगेच नकार दिला. "पावसात पोतं होतंय बघ ते. खाली लोंबतंय आणि दोरीलाच फाटतंय." आमच्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला ते पटेल. शेवटी दोन झेंडे ठरले. सणाला आणि कोरड्या दिवसांत सुती, पक्क्या रंगाचा, चार बाय सहाचा. पावसाळ्यात पॅराशूट कापडाचा, जरा लहान. दोन शेपट्यांच्या मधल्या खाचेत कापड आधी फाटतं, म्हणून तिथं तिकोनी ठिगळ आतून दिलं आणि कडांना तिहेरी शिलाई मारली. दांड्याकडच्या बाजूला तंबूचं जाड कापड लावून त्यात पितळी कड्या बसवल्या. रंगासाठी शिंप्यांनी कापडाचे तुकडे देवळाच्या कळसाशेजारी टांगून ठेवले. एक उन्हाळा झाल्यावर जो टिकला तोच घेतला.

उभारणी अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी झाली. त्याचं वर्णन करत नाही. ढोल-ताशे, फेटे, बायकांची ओवाळणी हे सगळीकडं होतंच. मला त्यापेक्षा नंतरचं सांगायचंय. काही महिन्यांनी एका रात्री कुणीतरी दोरी कापून झेंडा नेला. सकाळी पोरं मोटारसायकली काढून उभी. पंच मंडळींनी त्यांना देवळात बसवलं आणि मी दुसरा झेंडा चढवला. ठेवणीतला झेंडा तयार होता म्हणून हे झालं. खांब तासभर मोकळा राहिला असता तर पोरं आवरली नसती असं मला आजही वाटतं. मग ठराव, ना-हरकत, दोन गल्ल्यांचं पत्र घेऊन तक्रार द्यायला गेलो. बेकायदा खांबाचा झेंडा चोरीला गेला असता तर आम्हालाच प्रश्न विचारले गेले असते. कागद होते म्हणून तक्रार लिहून घेतली गेली. कोण होतं ते कळलं नाही. पण दुपारी खालच्या गल्लीतले तिघे आपणहून आले आणि पोलिसांसमोर म्हणाले की झेंडा गावाचा आहे, आमचीही तक्रार लिहा. त्यातला एक तोच तरुण होता, ज्याला आमच्या खांबाची उंची खुपत होती. त्या दिवसानंतर आम्ही दोरी खांबाच्या आतून घेतली आणि दोरी ओढायच्या हँडलला कुलूप लावलं.

झेंड्याची एक वही ठेवलीय. कुठला झेंडा कधी चढला, कधी उतरला, कुठं उसवला, कुणी शिवला, हे त्यात लिहायचं. लिहितात शाळेतली मुलं, मराठीत. आमची मराठी शाळा पटसंख्येशी झगडतेय, आणि मुलांच्या हातून मराठीत काहीतरी खरोखरच्या कामाचं लिहिलं जातं याचं मला अप्रूप आहे. झेंडा जमिनीला न टेकवता घडी कशी घालायची, दोरीची गाठ कशी मारायची, वाऱ्याची दिशा बघून कुठं उभं राहायचं, हे आठवीच्या मुली आता पाचवीच्या पोरांना शिकवतात. मिरवणुकीनंतर रस्त्यावर पडलेले छोटे कागदी आणि प्लास्टिकचे भगवे गोळा करायचं काम मंडळ करतं. प्लास्टिकचे आणायचेच नाहीत, आणि भगव्यावर कुणाही पुढाऱ्याचा फोटो छापायचा नाही, हे आम्ही दोन शिवजयंतींपासून पाळतोय. यावर नाराज झालेले पुढारी वर्गणी देत नाहीत. चालतंय. जीर्ण झालेला सुती झेंडा आम्ही धुऊन, घडी करून, खासगीत मानानं अग्नीला देतो, राष्ट्रध्वजाबद्दल संहितेत सांगितलंय तसंच.

मध्यंतरी पलीकडच्या गावची मंडळी आमची फाइल बघायला आली. त्यांना चौकातच खांब हवाय आणि तिथं तो होणार नाही, हे त्यांना पटवायला एक संध्याकाळ गेली. त्यांच्याकडं मरगाई देवळाशेजारी गावकीची जागा आहे, पण फॉर्म ९ मध्ये तिची नोंद एका मयत माणसाच्या नावावर आहे. वारसांची संमती आधी घ्या, कापड आणि खांबाचं नंतर बघू, असं त्यांना सांगितलंय. वारसांपैकी एकजण पुण्याला असतो. तो दसऱ्याला गावी आला की सही घेणार आहेत.